ताई, खरं सांगितलं तर पोरं बिघडणार नाहीत का?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की नशेबद्दल बोलताना फुगवून सांगू नका, जे खरंय तेवढंच सांगा, आणि जो आज सोडणार नाहीये त्याला निदान जिवंत राहण्यापुरती माहिती द्या. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअॅप आलेत की नेहमीचं एक पान पुरेना, संपादकांनी या वेळी जागा वाढवून दिलीय. अर्धे लोक चिडलेत, अर्ध्यांना अजून विचारायचंय. नावं काढलीत, गावं ठेवलीत. आणि हो, मी डॉक्टर नाही, मुंबईत गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचंच भेसळीचं रूप) ओढणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलंय, त्यामुळे औषधगोळ्यांचं जे काही खाली येईल ते आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

प्रश्न: मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थ विरोधी दिन असतो, भाषण माझ्याच गळ्यात पडतं. कवटीचं पोस्टर लावतो, ‘एकदा घेतलं की आयुष्य संपलं’ वगैरे सांगतो, पोरं मागच्या बाकावर फिदीफिदी हसतात. काय चुकतंय? (एक शिक्षक, सांगली)

सर, ती हसतात कारण त्यांना कुणीतरी माहितीय. मामेभाऊ म्हणा, हॉस्टेलचा सिनियर म्हणा, जो अधूनमधून ओढतो आणि तरी इंजिनियर होऊन हिंजवडीला नोकरी करतोय. तुम्ही ‘एकदा घेतलं की संपलं’ म्हणता तेव्हा पोराच्या डोळ्यांसमोर तो मामेभाऊ येतो आणि तुमचं भाषण तिथेच संपतं. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे, कारण पाच मिनिटांनी तुम्ही जेव्हा एकदम खरी आणि जीव वाचवणारी गोष्ट सांगता, की दारूवर झोपेच्या गोळ्या घेऊ नका रे, श्वास थांबतो, तेव्हा तीही त्याच कचऱ्याच्या डब्यात जाते.

आकडे हवेत ना, घ्या. अमेरिकेत एका मोठ्या पाहणीत विचारलं होतं की आयुष्यात एकदा तरी अमुक घेतलेल्यांपैकी पुढे व्यसनात किती अडकले. १९९४ साली ते छापून आलं. तंबाखू साधारण ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. तिकडचे आणि जुने आकडे आहेत, जसेच्या तसे आपल्याला लावू नका, पण सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. तीच तंबाखू मळत आपण स्टाफरूममध्ये बसतो. आणि हेच आकडे उलटे वाचा, हेरॉइन एकदा घेतलेल्या चौघांतला जवळजवळ एक जण अडकतो आणि तो चौथा कोण ते आधी कुणालाच कळत नाही, मग याहून मोठं भूत उभं करायची गरज काय? खरं आहे ते पुरेसं भीतीदायक आहे हो.

घाबरवून काय होतं हेही तपासून झालंय. अमेरिकन सरकारने १९९८ ते २००४ मध्ये तरुणांसाठी नशाविरोधी जाहिरातींवर जवळपास १०० कोटी डॉलर घातले, मग सरकारनेच लावलेल्या मूल्यमापनात निघालं की पोरांचा गांजा कमी झाला नाही, उलट जाहिराती जास्त पाहिलेल्यांमध्ये काही ठिकाणी ओढून बघायचा कल किंचित वाढलेला दिसला. एक अंदाज असा की रोज टीव्हीवर तेच बघून पोरांना वाटलं असेल, अरेच्चा, म्हणजे सगळेच करतायत की, आपणच मागे राहिलो. पोलीस अंकल वर्गात येऊन शिकवतात तो ‘डेअर’ कार्यक्रम १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, सगळ्यांना आवडायचा, टीशर्ट मिळायचे, अभ्यास झाले तर फरक जवळपास शून्य.

आणि सगळ्यात नाक कापणारा किस्सा. २००२ मध्ये ‘सायन्स’ या बड्या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांचा पेपर आला की एका रात्रीत माणसं घेतात तेवढ्या एक्स्टसीने (पार्टीत घेतात ती नशेची गोळी) माकडांच्या मेंदूची वाट लागते, दोन जनावरं तर मेलीच. भाषणांना, बातम्यांना आयतं कोलीत. वर्षभरात पेपर मागे घ्यावा लागला, कारण बाटल्यांची लेबलं चुकली होती आणि माकडांना दिलं गेलं होतं वेगळंच, मेथॅम्फेटामाइन. ही चूक होती, खोटेपणा नव्हे. पण पार्टीतल्या पोरांना तो फरक कोण समजावणार, त्यांच्या लेखी ‘हे लोक काहीही फेकतात’ एवढंच पक्कं झालं, आणि एक्स्टसीचे जे खरे धोके आहेत ते सांगणाऱ्याचंही तोंड बंद झालं.

तर यंदा असं करून बघा, पोस्टर नको, तुम्ही दहाच मिनिटं बोला आणि उरलेला वेळ बिननावाच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरवा. येणाऱ्या प्रश्नातला जो येत नाही त्याला ‘मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो’ म्हणा, त्याने तुमची किंमत कमी नाही होत. आणि सिरिंज, पुड्या, पन्नी यांचे फोटो तर लावूच नका. त्या वर्गात सोडायच्या प्रयत्नात असलेला एखादा असेल तर नुसत्या फोटोने तल्लफ येते, हे मी समोर बसून पाहिलंय.

प्रश्न: मुलाच्या बॅगेत गांजा सापडला. १९ वर्षांचा आहे. ओरडलो तर म्हणतो बाबा तुमच्या दारूपेक्षा बरा, नॅचरल आहे, शंकराचा प्रसाद आहे, गूगल करा. मी केलं गूगल, अर्ध्या ठिकाणी औषध म्हणतात, अर्ध्या ठिकाणी वेड लागतं म्हणतात. कोण खरं? (एक वडील, ठाणे)

दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात.

दारूचं तो म्हणतो त्यात तथ्य आहे. २०१० मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वीस पदार्थांच्या नुकसानीला १०० पैकी मार्क दिले, दारू ७२, हेरॉइन ५५, तंबाखू २६, गांजा २०. (हेच नट असलं बोलतात म्हणून आदल्याच वर्षी त्यांना सरकारच्या सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून घालवलं होतं, म्हणजे खरं बोलायची किंमत शास्त्रज्ञालाही पडते.) पण ते मार्क एका अख्ख्या देशाचं नुकसान मोजतात, त्यात दारू पिणारे किती जास्त आहेत, घरं किती मोडतात, सगळं आलं. तुमच्या पोराच्या एका जीवाला काय होईल ते त्यातून निघत नाही. आणि नॅचरलचं म्हणाल तर धोत्र्याचं फूलही महादेवालाच वाहतात, म्हणून धोत्र्याचं बी खाऊन दाखव म्हणावं.

आता वेड लागण्याचं. २००७ मध्ये सगळे चांगले अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा आलं की कधी ना कधी गांजा ओढलेल्यांमध्ये भास, भ्रम असलेल्या मानसिक आजाराची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी जास्त. पेपरवाले इथेच थांबतात आणि वाचणाऱ्याला वाटतं शंभरातले चाळीस वेडे होतात. तसं नाहीये. समजा एरवी हजारात दहा जणांना होत असेल तर ते चौदा होतात. चार जास्त. पण रोज ओढणाऱ्यांचं गणित याहून बरंच वाईट आहे, २०१९ च्या युरोपातल्या अभ्यासात रोज आणि तेही स्ट्राँग माल ओढणाऱ्यांमध्ये शक्यता पाचपटीच्या आसपास निघाली. आणि तुमच्या घरात, म्हणजे काका, आत्या, आजोबा, कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुळातले दहाच तुमच्यासाठी दहा राहत नाहीत, मग ‘फक्त शनिवारी’ वगैरे सवलत त्याने स्वतःला देऊ नये. हे मात्र त्याला माहितीच नसेल, कारण आपल्याकडे घरातला वेडा माणूस लपवून ठेवायची पद्धत. ते तुम्हीच सांगायचंय.

टक्क्यांचा हा खेळ किती महागात पडतो त्याचं एक उदाहरण नशेच्या बाहेरचं आहे पण सांगतेच. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका ‘दुप्पट’ होतो. खरंच होता दुप्पट, सात हजारांत एकीच्या जागी दोघी. बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. त्यात गरोदरपणातच गाठीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणजे कुणी खोटं नाही बोललं, अर्धं बोललं फक्त.

तुमच्या मुलाकडे परत येते. आपल्याकडे पोरं सिगारेट रिकामी करून त्यात गांजा भरतात, तंबाखू मिसळून, त्यामुळे गांजाचं व्यसन लागो न लागो, निकोटिनचं लागतंच, हे कुणी धरत नाही. ओढून बाइक चालवणं हा मला सगळ्यात जवळचा धोका वाटतो. कायद्याचंही सांगा, भांगेच्या नुसत्या पानाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सूट आहे पण फुलोरा म्हणजे गांजा, आणि नुसता ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि ओरडणं झालं असेल तर आता विचारा. किती वेळा, कुणाबरोबर, गाडी कोण चालवतं, ओढल्यावर कधी भीती वाटली का, कुणी मागे लागलंय असं वाटलं का. उत्तरं येतील. तुमच्या दारूबद्दलही तो विचारेल, तयारी ठेवा.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं वीकेंडला एमडी घेतात. मी नाही घेत (खरंच). एक जण म्हणतो त्याच्या माणसाचा माल प्युअर असतो. आणि युरोपात म्हणे सरकारच तपासून देतं, मग इथे का नाही? (वय २३, पुणे)

‘प्युअर’ हा शब्द ‘गावठी शुद्ध तूप’सारखाच आहे, विकणारा म्हणतो म्हणून. ज्याच्याकडून घेतात त्यालाही आत काय आहे ते माहीत नसतं, त्याला वरच्याने दिलेलं असतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसखाली आलं, आणि तुमच्या पुण्याजवळ कुरकुंभच्या कारखान्यावर २०२४ मध्ये धाड पडली ती आठवत असेल. अशा ठिकाणी बनवलेल्या पावडरीचं क्वालिटी कंट्रोल कोण करणार?

युरोपातलं खरं आहे, सगळीकडे नाही पण नेदरलँड्समध्ये १९९२ पासून अशी यंत्रणा आहे, लोक गोळी नेऊन देतात, लॅबमध्ये तपासतात, आत काय निघालं ते सांगतात. ती ‘घ्या’ म्हणत नाही, काय आहे एवढंच सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना सुपरमॅनचा लोगो असलेली गुलाबी गोळी मिळाली, एक्स्टसी म्हणून विकली जाणारी, आत मात्र पीएमएमए नावाचं भलतंच रसायन. ते सावकाश चढतं, माणसाला वाटतं गोळी फुसकी निघाली म्हणून तो दुसरी घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. डच लोकांनी टीव्हीवरून, सगळीकडून इशारा दिला. इंग्लंडमध्ये तसा इशारा वेळेत पोचला नाही, नव्या वर्षाच्या आसपास तिथे चार जण त्याच गोळीने गेले. त्याच हिवाळ्यात अॅमस्टरडॅममध्ये कोकेन म्हणून पांढरं हेरॉइन विकलं जात होतं, तीन ब्रिटिश पर्यटक मेले, तर महापालिकेने रस्त्यात मोठे फलक लावले की पर्यटकांना अत्यंत घातक कोकेन विकलं जातंय, आणि खाली लिहिलं की नशा केली म्हणून तुम्हाला अटक होणार नाही, मदत मागा. ती खालची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या कुठल्या फलकावर अशी ओळ दिसेल का?

आणि भेसळ हा काय फक्त पबमधल्या पोरांचा प्रश्न नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, आत मिथेनॉल. तेही रोजच्याच गुत्त्यावर, रोजचीच म्हणून प्यायले होते.

इथे तपासून मिळत नाही, त्यामुळे मित्रांना एवढं तरी सांग की आत काय आहे हे त्यांना माहीत नाही आणि कळायची सोयही नाही, हे धरूनच चालायचं. एमडी पटकन उतरतं म्हणून परत परत घ्यावंसं वाटतं, खरी फसगत तिथे आहे. शनिवार-रविवार झोप नाही, जेवण नाही, मग सोमवारी संशय, भास. हृदयाची धडधड आणि अंगातली उष्णता वाढते. वर दारू ओतली की किती झालं त्याचा अंदाजच राहत नाही. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर काही गोळ्यांबरोबर ही सरमिसळ फार वाईट. एकट्याने कधीच नाही. पाण्याबद्दल जपून, कारण ‘भरपूर पाणी प्या’ हाही अर्धाच सल्ला आहे, १९९५ मध्ये इंग्लंडमधली अठरा वर्षांची मुलगी एक्स्टसी घेऊन दीड तासात सातेक लिटर पाणी प्यायली आणि मेंदूला सूज येऊन गेली. गाजली ती गोळीने मेली म्हणून. घोट घोट प्यायचं, लिटरभर नाही.

छातीत दुखणं, झटका, अंग भट्टीसारखं तापणं, बरळणं, हलवून न उठणं, यातलं काहीही दिसलं की १०८ किंवा ११२. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून ठेव, उलटी घशात जाऊ नये. डॉक्टरला काय घेतलंय ते खरं सांग. पोलिसांना कळवलं जाईल का? जाऊ शकतं, हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांकडे जाणारी नोंद) करू शकतं, मी नाही म्हणून तुला फसवणार नाही. तरीही फोन कर.

प्रश्न: मालक सकाळपासून पितात. दिरांनी ठरवलंय की एकादशीला माळ घालायची आणि आठ दिवस खोलीत कोंडून ठेवायचं, म्हणजे सुटेल. शेजारीण म्हणते चहातून गुपचूप द्यायची गोळी मिळते. काय करू? (एक ताई, पंढरपूर तालुका)

ताई, आधी गोळी. ती बहुतेक डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. माणसाला माहीत असतं तेव्हा तो पीत नाही, म्हणून तिचा उपयोग. माहीत नसेल तर तो पिणारच, आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतेल. जाहिरातीत ‘न कळत दारू सोडवा’ लिहितात तेच तिचं सगळ्यात चुकीचं वापरणं आहे. अजिबात करू नका.

माळ घालायला माझी ना नाही, माळेने सुटलेले मी पाहिलेत. पण कोंडू नका. सकाळी उठल्यापासून पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखत नाहीत. लोक म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं नसतं, दारू तुटल्याचं असतं आणि त्यात माणूस जाऊ शकतो. गर्दाची ‘टर्की’ (गर्द तुटल्यावर होणारा त्रास) खूप छळते पण सहसा मारत नाही, दारूची मारू शकते, हे लोकांना उलटं वाटतं. तेव्हा आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या, तिथे औषधाखाली हळूहळू सोडवतात. आणि गावात कुणी ग्लुकोजचं सलाईन लावायला निघालं तर त्याच्या आधी बी-वनचं इंजेक्शन द्यायचं का, हे आठवणीने विचारा, दारू पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व संपलेलं असतं. फोनवर विचारायचं तर १४४४६, नशामुक्तीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. माळ पंधरा दिवसांनी पुढच्या एकादशीला घाला.

प्रश्न: माझं मेडिकल आहे. पेपरात ‘कुत्ता गोळी’ची बातमी आली की दुसऱ्या दिवशी नवीन पोरं येऊन त्याच नावाने मागतात. छापणाऱ्यांना कळत नाही का? (मालेगाव)

तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. अल्प्राझोलाम म्हणजे घाबरेपणावरची साधी गोळी, शेड्यूल एच-१ मधली, तुम्ही रजिस्टरला नोंद करूनच देत असणार. तिला असलं चटपटीत नाव देऊन चार कॉलम छापलं की पंधरा वर्षांच्या पोराला वाटतं काहीतरी भारी आहे. आणि ज्या बाईला डॉक्टरने ती खरंच लिहून दिलीय ती बातमी वाचून घाबरून एका दिवसात बंद करते, आणि बरेच महिने घेतलेली असेल तर एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते. दोन्हीकडून नुकसान. बातमीत छापायचंच तर हे छापा ना, की ही गोळी दारूबरोबर किंवा कोडीनच्या कफ सिरपबरोबर घेतली तर झोपेत श्वास मंदावून माणूस उठत नाही. मुंबईत ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांनाही हेच लागू. तुम्ही काउंटरवर हे एक वाक्य बोललात तरी कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त काम होईल.

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. मुलगी हायस्कूलला आहे, शाळेने नार्कॅन घरी ठेवा म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात असलं घरात आणणं म्हणजे अवदसेला आमंत्रण. तुम्ही तर घाबरवू नका म्हणता, इथे ‘एक गोळी जीव घेते’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते पण अतिशयोक्तीच का?

नाही, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न घेतला. तेच वाक्य सांगलीच्या वर्गात गांजाबद्दल म्हटलं तर खोटं आहे आणि तुमच्याकडे ऑनलाइन, ओळखीपाळखीतून मिळणाऱ्या गोळीबद्दल खरं आहे. झॅनॅक्स (घाबरेपणावरची), अॅडेरॉल (लक्ष लागण्याची), पर्कोसेट (दुखण्यावरची) म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली गोळ्यांत फेंटॅनिल असतं, अफूच्याच जातीचं पण फार जहाल, दोन मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण, तेवढं जीव घेऊ शकतं. २०२३ मध्ये डीईए या त्यांच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या लॅबने तपासलेल्या फेंटॅनिलवाल्या नकली गोळ्यांत दहातल्या सातांमध्ये मारण्याइतकं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने १ लाख ७ हजारांच्या वर माणसं गेली, त्यातले बहुतेक फेंटॅनिलसारख्या पदार्थांनी. परीक्षेच्या आधी मैत्रिणीने दिलेली अभ्यासाची गोळी, इतकं साधं असतं ते.

मात्र नुसता हात लागला म्हणून पोलीस कोसळला असे व्हिडिओ फिरतात त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच सांगितलंय की असं चुकून स्पर्श होऊन ओव्हरडोस होणं जवळपास अशक्य आहे. त्या भीतीपायी लोक बेशुद्ध माणसाला हात लावत नाहीत.

नार्कॅन म्हणजे नॅलोक्सोन, अफूच्या जातीच्या नशेच्या ओव्हरडोसवरचा उतारा, नाकात मारायचा स्प्रे. मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली आणि न्यू जर्सीत तर बऱ्याच फार्मसीत १४ वर्षांवरच्या कुणालाही नाव न विचारता फुकट देतात. ओठ निळे, श्वास घोरल्यासारखा किंवा बंद, हलवून उठत नाही, तर स्प्रे मारा आणि ९११ लावा, कारण त्याचा असर अर्धा ते दीड तासात ओसरतो आणि फेंटॅनिल परत डोकं वर काढू शकतं. अंगात अफूच्या जातीचं काही नसेल तर स्प्रेने काही बिघडत नाही. सासूबाईंना सांगा, दिवाळीत अंगणात पाण्याची बादली भरून ठेवतो म्हणून पोरं जास्त फटाके उडवत नाहीत.

प्रश्न: तुम्ही नशा कशी करायची ते शिकवताय. लाज वाटत नाही का? (सही नाही)

वाटते कधीकधी, पण त्याचं कारण दुसरं आहे, ते पुढच्या उत्तरात येईल. स्वच्छ सुया दिल्याने सुईवाले वाढतात असं इतक्या देशांतल्या इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलं नाही, एचआयव्ही कमी होतो हे मात्र दिसलं, आणि आपलं स्वतःचं सरकार नॅको या एड्स नियंत्रण संस्थेमार्फत सुया देतं, गर्दाच्या जागी घ्यायच्या बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देतं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून लोकांना पूर्ण सोडायला मदत करतंय, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. माझा माणूस तिथवर पोचायला आधी जिवंत हवा, एवढंच.

आणि आमच्या बाजूचेही लोक कमी सांगतात, ते मी मान्य करते. ‘वीडने काही होत नाही’ म्हणणारा कार्यकर्ता कवटीचं पोस्टर लावणाऱ्या सरांइतकाच चुकतो.

प्रश्न: माझा भाऊ गर्द ओढायचा, सहा महिने केंद्रात राहून या महिन्यात घरी येतोय. छान झालाय, वजन वाढलंय. घरचे म्हणतात आता तो विषयच काढायचा नाही. मी काय करू? (एक बहीण, कल्याण)

विषय काढा. माझ्या कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी असाच एक मुलगा बरा होऊन निघाला, तेवीस-चोवीसचा. मी त्याला पेढा भरवला, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं आता मागे वळून बघू नकोस. येवढंच म्हटलं. मला माहीत होतं की सहा महिन्यांत शरीराची सवय उतरते आणि पूर्वी रोज लागणारी पुडी आता जीव घेऊ शकते. माहीत असून बोलले नाही, कारण वाटलं असं बोलले तर मीच त्याला परत घे म्हणून सुचवतेय. नवव्या दिवशी तो स्टेशनजवळ सापडला. पूर्वीचीच पुडी होती.

२००७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला अभ्यास आला, तुरुंगातून सुटलेल्यांचा, तर पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचं प्रमाण त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट. तुरुंगातून सुटणं आणि केंद्रातून सुटणं एकच नाही, पण शरीराची सवय दोन्हीकडे सारखीच उतरते.

त्याला सरळ सांगा. की तू घेऊ नयेस असंच मला वाटतं, पण पाय घसरलाच तर पूर्वीएवढं तुझं शरीर आता झेलणार नाही, एकटा नसावास, दार आतून लावू नकोस, दारू किंवा झोपेची गोळी त्यावर नको, आणि मला फोन कर, रात्री तीनला केलास तरी मी ओरडणार नाही. शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. केंद्रातल्या डॉक्टरांना बुप्रेनॉर्फिनबद्दल विचारा, ते चालू असलं की हा धोका बराच कमी होतो, आणि ‘एक नशा सोडून दुसरी’ असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. त्याला आणायला जाल तेव्हा हे गाडीतच बोलून टाका, घरी पोचल्यावर पाहुणे जमलेले असतात.